काचेवरचं हिरवं

ही फार जुनी गोष्ट, म्हणजे माशांच्या मानाने जुनी. एका घरातल्या काचेच्या टाकीत केशरी नावाची मासोळी राहायची. बाहेर काय चाललंय ते बघायचा तिला भारी नाद. पण काचेवर सारखं शेवाळ चढायचं आणि बाहेरची माणसं धूसर व्हायची.

ते शेवाळ खायचं काम गोगलगायीचं. केशरी एकदा तिच्यावर वैतागली. "मावशी, दिवसभर खातेस, तरी हे हिरवं येतंच कसं? अंग चोरतेस की काय?"

"मी काय खाते ते दिसतंच आहे," गोगलगाय म्हणाली. "ते हिरवं काय खाऊन वाढतं, ते जरा बघ ना."

केशरीला ते बघितल्याशिवाय चैन पडेना. सकाळी आजोबा आले. ती सवयीने काचेशी नाचली आणि त्यांनी चिमूटभर दाणे टाकले. मग सून आली, मग शाळेतून नात. प्रत्येकाला वाटलं, ही उपाशीच आहे. केशरी दरवेळी नाचली, दोन दाणे गिळले, बाकीचे तळाशी कुजत पडले. आणि तिथूनच हिरवं वर सरकत होतं.

दुसऱ्या दिवशी आजोबांचे दाणे तिने तळापर्यंत वेचून खाल्ले. सून दाण्यांची डबी घेऊन आली, तेव्हा शेपटी आपसूक हलायला लागली. केशरी मुकाट्याने पानाआड गेली. "भूक नाही वाटतं हिला," म्हणत सुनेने डबी बंद केली. नातीच्या वेळीही तेच झालं.

हळूहळू काच नितळ झाली. नातीच्या गालावर तीळ आहे, हे केशरीला तेव्हा दिसलं. इतके दिवस तिने फक्त डबीच पाहिली होती.