गोधड्यांची खोली

एकदा एक वृद्ध उस्ताद होते. तानपुरे घडवण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. वय ऐंशीच्या पुढे, पण कान असा तल्लख की रस्त्यावरून गेलेल्या सायकलची घंटी कोणत्या स्वरात वाजली, ते सांगत. त्यांच्या कारखान्याचा एक जुना नियम होता. जवारी काढायची ती सकाळी, बाजार जागा व्हायच्या आत. तानपुऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानसेने केसभर घासत घासत तारेचा आवाज उमलवायचा, याला म्हणतात जवारी. त्याला हात स्थिर लागतो आणि भोवती शांतता लागते. तीन पिढ्यांत हा नियम कुणी मोडला नव्हता.

उस्तादांचा पट्टशिष्य दिलावर. रोजचा कारभार त्यांनी नुकताच त्याच्यावर सोपवला होता, आणि नव्या कारभाऱ्याला नियमांचे प्रेम जरा जास्तच असते.

जवारीत मात्र सगळ्यांत सरस हात जैबूचा. लहानपणी पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले होते. हाताने चालवायच्या तीनचाकीवरून ती कामाला येई. त्याच हातांनी ती आणखी एक पराक्रम करी. बाकावर उताणी झोपून लोखंडी वजन छातीपासून वर उचलायचे, अशा दिव्यांगांच्या स्पर्धेत ती राज्यात पहिली होती. नव्वद किलो! तुमच्याआमच्यापैकी किती जण नव्वद किलो जागचे हलवतील, ते मी विचारत नाही. देशाच्या संघाची निवड चाचणी आता महिन्यावर आली होती.

अडचण एकच होती. तिचे प्रशिक्षक दिवसा शाळेत, संध्याकाळी शिकवणीला जात, त्यामुळे सकाळीच मोकळे असत. चाचणीसाठी वजन वाढवल्यापासून जैबू सराव करून कारखान्यात येई, तेव्हा दुपारपर्यंत तिचे हात थरथरत राहत.

एके दिवशी दिलावर म्हणाला, "जैबू, गाणाऱ्या बाईंचा तानपुरा आज द्यायचाय. बस जवारीला."

"दिलावरभाई, दुपारी बसते ना. आत्ता हात माझं ऐकत नाही."

"दुपारी? बाजाराच्या गोंगाटात? नियम काय तुझ्यासाठी वेगळा करायचा?"

जैबू मुकाट्याने बसली. चार हात बरे पडले, पाचव्याला कानस घसरली. घोडीवर आडवा पांढरा ओरखडा उठला.

"चूक माझीच," जैबू म्हणाली. "दोन डगरींवर पाय ठेवायला निघाले मी. त्याला आधी पाय तरी धड हवेत!" ती हसली, पण कुणालाच हसू आले नाही. मग खाली मान घालून म्हणाली, "उद्यापासून सराव बंद. पोट या कामावर आहे."

क्षणभर दिलावरला आपले खरे झाल्यासारखे वाटले. लगेच वाईटही वाटले. पण नियम तो नियम, असे त्याने मनाला समजावले. कोपऱ्यात बसलेल्या उस्तादांनी हे सारे ऐकले.

दुसऱ्या दिवशी दिलावर आला तो ठोकाठोकीच्या आवाजात. मागच्या अंगाला उस्तादांची दुपारी आडवे व्हायची खोली होती. तिथे म्हातारबाबा स्टुलावर चढून, तोंडात खिळे धरून भिंतींना चक्क गोधड्या ठोकत होते. खिडकीला गोधडी, दाराला गोधडी. त्यांची खाट पार रस्त्याकडच्या पडवीत जाऊन पडली होती.

"उस्ताद, अहो हे काय आरंभलंय? पडाल की!"

"खिळा दे," एवढेच उस्ताद म्हणाले.

टळटळीत दुपारी त्यांनी दिलावरला त्या खोलीत नेले आणि दार लावले. बाहेर हातगाडीवाल्यांच्या आरोळ्या नि ट्रकचे भोंगे चालू होते. आत स्वतःचा श्वास ऐकू येत होता. उस्तादांनी एक तानपुरा पुढ्यात ठेवला.

"दोरा घाल."

दिलावरने तार आणि घोडी यांच्या मध्ये सुताचा दोरा सरकवला. मागे, पुढे, किंचित मागे. एका जागी तार एकदम उमलली आणि खोली भरून गेली.

"तार का नाही सरकवलीस?"

"तार कशी सरकवणार, उस्ताद? तार खुलेल तिथं दोरा न्यायचा असतो."

"मग काल काय केलंस?"

दिलावरने दोऱ्यावरचा हात मागे घेतला.

उस्ताद हळूच म्हणाले, "पोरा, माझ्या आज्याला शांतता हवी होती. सकाळ नको होती. शांतता सकाळी सापडे, म्हणून त्यानं सकाळ धरली. गोधड्या त्याच्याकडेही होत्या, पण त्याच्या कारखान्यात जैबू नव्हती. नियम हा दोरा आहे, माणूस ही तार. काल तू दोरा जागेवर ठेवून तार ओढलीस. तुझ्या एकट्याची चूक नाही. या गोधड्या मीच आधी ठोकायला हव्या होत्या."

दिलावरचे डोळे भरून आले. तसाच उठून तो जैबूपाशी गेला.

"सकाळी वजनं, दुपारी जवारी. बाईंच्या तानपुऱ्याला नवी घोडी मी बसवतो, सूर तू दे. आणि चाचणीला मी बरोबर येणार."

"आणि उस्ताद झोपणार कुठं?"

"पडवीत. भोंगे कुठल्या सुरात वाजतात ते ऐकायचंय म्हणे."

यावर मात्र जैबू खरोखर हसली.

चाचणीत तिने चौऱ्याण्णव किलो उचलले. ध्वनिक्षेपकावरून तिच्या नावाबरोबर कारखान्याचेही नाव पुकारले गेले, तेव्हा दिलावर खुर्चीवर उभा राहून इतका ओरडला की त्याचा घसा बसला. जैबू देशाच्या संघात निवडली गेली.

पुढच्याच आठवड्यात सकाळी आठला गाणाऱ्या बाई दारात उभ्या राहिल्या. "हा माझा दुसरा तानपुरा. याची जवारी आत्ताच होऊन जाऊ दे. तुमच्याकडे सकाळीच काढतात ना?"

दिलावरने त्यांना बसायला खुर्ची दिली. घसा अजून बसलेलाच होता, तरी समोरच्या दुकानात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो म्हणाला,

"बाई, जवारी दुपारी दोनला. सकाळी आमची जैबू देशासाठी वजन उचलते. कारखान्याचा नियम आहे."

पडवीतल्या खाटेवर उस्तादांनी समाधानाने कूस बदलली.