परत सोडलेले मासे

एका गावातलं तळं रिकामं झालं, आणि त्याला जबाबदार होता तिथल्या मासेमारांचा म्होरक्या. परगावच्या शेठचं नाव पुढे करू नका. त्याने काचेच्या पेटीत मावेनासे झालेले चार मासे तळ्यात आणून सोडले आणि तो गेला. त्याला काही कळत नव्हतं. म्होरक्याने मात्र ते डोळ्यांदेखत वाढू दिले.

मासे विचित्र होते. अंगावर हाडासारखं कडक कवच, त्यावर ठिपके, आणि तोंड पुढे नाही तर खाली, पोटाच्या बाजूला. हात लावला की ओरखडे. पोरांनी नाव ठेवलं खडबड्या. खायला कुणी घेईना.

त्या गावात जुना नियम होता. जाळ्यात आलेलं जे ताटात जाणार नाही, ते जिवंत परत पाण्यात सोडायचं. नियम चांगलाच होता, बोटाएवढी पिल्लं त्यामुळे वाचायची. पण खडबड्यालाही तोच नियम लागला. रोज रोहू आणि मरळ घरी जायची, आणि खडबड्याला हात जोडून परत पाण्यात सोडायचे.

दोन वर्षांनी जाळी फाटू लागली. मासे कापणाऱ्या एका बाईने एक खडबड्या विळीवर चिरला. पोटात शेवाळ, चिखल, आणि त्यात दुसऱ्या माशांची अंडी. ती तशीच भरल्या हातांनी पारावर गेली.

"आबा, हा आपल्या माशांची अंडी खातोय. आणि आपण चांगले मासे उचलतो, याला परत सोडतो. मग तळ्यात उरणार कोण?"

"अगं, तू मासे काप," म्होरक्या म्हणाला. "तळं आम्ही बघतो. सत्तर पावसाळे काढलेत इथं."

"पावसाळे काढलेत हो. पण हा मासा एकदा तरी हातात घेऊन पाहिलात का?"

पारावरची म्हातारी मंडळी चिडली. मान डोलवणं आणि चिडणं, त्यांना दोनच कामं येत होती.

बाई हटली नाही. "एक दिवस करा. जे परत सोडायचं, ते आज टोपलीत ठेवा."

संध्याकाळी घाटावर टोपल्या लागल्या. खायच्या माशांची एक. खडबड्यांच्या अकरा. दुपारपासून पाण्याबाहेर होते, तरी त्यातले बरेच जिवंत.

सगळे म्होरक्याकडे बघू लागले. 'चूक झाली' एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला, "वाडवडिलांचा नियम मी मोडणार नाही." आणि अकराच्या अकरा टोपल्या त्याने पाण्यात ओतायला लावल्या.

पुढच्या तीन वर्षांत मरळ दिसेनाशी झाली. खडबड्यांनी काठाला बिळं पाडली, काठ ढासळला. माणसं पोटासाठी गाव सोडू लागली.

तेव्हा कुठे लोक बाईच्या दारात गेले. 'मी सांगितलं होतं' असं ती म्हणाली नाही. खरं तर म्हणायला हवं होतं. तिने एक मेलेला खडबड्या उचलला आणि घाटावर, शाळेत, घरोघर फिरवला.

"पाठ चाचपा. कडक आहे? तोंड खाली आहे? ठिपके आहेत? मग हा पाण्यात परत जायचा नाही. आपली पिल्लं तेवढी सोडायची. आणि घरी पाळलेला मासा असो की कासव, नकोसं झालं तर तळ्यात टाकू नका, मला आणून द्या."

एका पोरीने विचारलं, "काकू, याला मारलं तर पाप लागेल?"

"लागलं तर माझ्या नावावर सांग."

पोरं ते शिकली, पोरांनी आईबापांना शिकवलं. पाच वर्षं रोज खडबडे वेचले. ते पुरते गेले नाहीत, जाणारही नाहीत. पण रोहू पुन्हा जाळ्यात येऊ लागला.

आता त्या गावात जाळ्यातला पहिला मासा बाईच्या दारात जातो. "अरे मेल्यांनो, एकटी किती खाऊ?" ती ओरडते. लोक मासा ठेवून पळतात. चूल पेटते तेव्हा घराघरात तिचं नाव निघतं, आणि ते निघायलाच हवं.

यातून घ्यायचं ते एवढंच: पाण्यात काही सोडण्याआधी ते काय आहे हे ओळखा, आणि ओळखणारी मासे कापणारी असली तरी तिचं वेळेत ऐका.

म्होरक्याचे दोन्ही मुलगे त्या वाईट वर्षांत वीटभट्टीवर गेले. ते परत आले नाहीत.