शांतवनची खाट

गोदावरीच्या खोऱ्यात, आडबाजूच्या एका गावी, ख्रिस्ती मंडळीत हनोख वैरागर नावाचा एक सुखवस्तू शेतकरी होता. गळा गोड, वाणी त्याहून गोड. तो प्रार्थनेला उभा राहिला की ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावत. गोरगरिबांसाठी प्रार्थना करताना तर त्याचे स्वतःचेही डोळे भरून येत.

हनोखला एक खंत होती. चर्चमध्ये बायकांची बाजू गच्च भरलेली असे आणि पुरुषांची ओस. गडी रविवारी पारावर गप्पा मारत बसत, नाहीतर शेतात जात. म्हणून तो घरोघर हिंडला. कुणाला समजावलं, कुणावर रागावला आणि शेवटी पुरुषांचा एक रविवार ठरवला. त्या दिवशी गायन, वाचन, प्रार्थना सगळं पुरुषांनीच करायचं. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हातारे झाले होते. ते म्हणाले, "करा बाबांनो. मी आपला बसून ऐकतो."

तो रविवार उजाडला. हनोख पांढरेशुभ्र कपडे घालून चर्चच्या पायरीवर उभा राहिला. एकेक गडी येत होता, सलाम करून आत जात होता. हनोखची छाती फुलत होती. इतक्यात सगुणा पळत आली. तिचा नवरा शांतवन लोंढे मोलमजुरी करायचा. ओढ्याकाठी त्यांची झोपडी होती.

"हनोखदादा, ह्यांच्या पोटात रातीपासून कळा येत्यात," तिला धाप लागली होती. "पाणीसुद्धा पोटात ठरत न्हाई. सडकेवर जीप थांबवून ठेवलीय, पण ओढ्याच्या वाळूत ती आत येईना. आमच्या वस्तीवरचे गडी ऊसतोडीला गेलेत. चौघं जण द्या, दादा. खाट उचलून सडकेपर्यंत न्यायची हाय."

हनोखने वळून आत पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुरुषांची बाकं भरली होती. आता चौघे उठले तर त्यांच्या पाठोपाठ आणखी चौघे उठतील, मग सगळेच पांगतील, असं त्याला वाटलं. आणि पोट काय, कुणाचंही दुखतं.

"उपासना होऊ दे, सगुणा," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "मग मी स्वतः माणसं घेऊन येतो. तू काळजी करू नको. आज सगळ्या मंडळीसमोर शांतवनचं नाव घेऊन प्रार्थना करतो."

 सगुणा आली तशीच पळत गेली.

घंटा झाली. उपासना सुरू झाली. पुरुषांनी असं काही गायलं की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मग हनोख प्रार्थनेला उभा राहिला. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले.

"हे प्रभू, आमचा गरीब भाऊ शांतवन आज झोपडीत कळांनी तळमळतो आहे," हनोख म्हणाला. "त्याला दवाखान्यात न्यायला गाडी उभी आहे, पण त्याची खाट उचलायला कुणी नाही. प्रभू, तू दयाळू आहेस. त्याच्यासाठी कुणाला तरी पाठव!"

बाकांवर सळसळ झाली. लोक हेलावून गुडघे टेकतायत, असं हनोखला वाटलं. त्याचा आवाज आणखी चढला. आजारी, विधवा, अनाथ, उपाशी, साऱ्यांसाठी त्याने करुणा भाकली. कितीतरी वेळाने तो "आमेन" म्हणाला. पुरुषांनी एका दमात "आमेन" म्हटलं. दुसऱ्या बाजूने मात्र आवाज आला नाही.

हनोखने डोळे उघडले. बायकांची बाजू रिकामी होती. थकलेल्या दोन-तीन म्हाताऱ्या आणि त्यांच्या मांडीवर ठेवलेली तान्ही मुलं, एवढंच मागे उरलं होतं. हनोखची बायको करुणा, तिचीही जागा मोकळी होती.

पाळकसाहेब काठी टेकत उठले. "हनोख, प्रभूने तुझी प्रार्थना ऐकली की नाही, ते मला ठाऊक नाही," ते हळूच म्हणाले. "बायकांनी ऐकली."

हनोख धावत सुटला. मागोमाग सगळे पुरुष. ओढ्याशी येऊन पाहतात तो पदर खोचलेल्या बायका घोटाभर वाळू तुडवत खाट घेऊन चालल्या होत्या. पुढे मंडळीतली राहेलबाई, बाजूला करुणा. खाटेवर शांतवन कण्हत होता. सडक आता हाकेवर आली होती.

"थांबा, आम्ही खांदा देतो!" हनोख ओरडला.

राहेलबाईने मागे वळूनही पाहिलं नाही. "खांदा मेल्यावर द्या, भाऊ," ती म्हणाली. "आत्ता वाट द्या."

पुरुष बाजूला झाले. धुतलेल्या, इस्त्रीच्या कपड्यांत ते सगळे ओढ्याच्या काठावर उभे राहिले आणि खाट त्यांच्यासमोरून गेली.

दुसरी गाडी करून हनोख तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचला. शांतवनचं आतडं फुटलं होतं. डॉक्टर ऑपरेशन करून बाहेर आले ते संतापूनच. "जगेल. पण पू पोटभर पसरलाय. आता महिनेच्या महिने अंथरुणात जातील. थोडं आधी आणलं असतं तर चार दिवसांत घरी गेला असता. इतका उशीर का केलात?"

हनोखने मान खाली घातली. आता सगुणा आपलं नाव घेणार, याची त्याला खात्री होती. सगुणाने एकवार त्याच्याकडे पाहिलं.

"उचलायला गडी नव्हते, साहेब," ती म्हणाली.

 त्या वेळी जमीन दुभंगली असती तर हनोख आनंदाने आत गेला असता.

शांतवन घरी आल्यावर हनोख धान्याचं पोतं घेऊन त्याच्या झोपडीत गेला. त्याला बघून शांतवन कष्टाने उठून बसला आणि त्याने हात जोडले.

"दादा, भरल्या मंडळीत माझ्यासारख्या गरिबाचं नाव घेऊन प्रार्थना केलीत म्हणं. लई उपकार झाले."

हनोखला ते ऐकवेना. त्याने शांतवनचे जोडलेले हात धरून खाली केले. "उपकार कसले, शांतवन? सगुणा आधी माझ्याकडेच आली होती. मी तिला परत पाठवलं. माझी उपासना मोडू नये म्हणून."

 चुलीपाशी सगुणा भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. मग तिच्याकडे पाहत शांतवन हळू आवाजात म्हणाला, "तिनं मला ह्यातलं काहीच सांगितलं न्हाई, दादा."

हनोख तिथेच, सारवलेल्या भुईवर, तोंड झाकून बसला. सगुणाने तव्यावरची पहिली भाकरी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

तात्पर्य: जे काम आपल्या हातांनी होण्यासारखं आहे, ते प्रार्थनेत देवावर ढकलू नये. गरजवंत दारात येतो, तेव्हा उपासना तिथूनच सुरू होते.