आठव्या दिवसाचे भाकीत

एका गावात एक मासेमार राहत होता. त्याचे जाळे मोठे नशिबाचे, आणि जाळे धुतले की नशीबही धुऊन जाते, असे त्याचे वाडवडील सांगत. म्हणून त्याने ते कधी धुतले नाही की उन्हात वाळवले नाही. ओलेच जाळे खांद्यावर टाकून तो हिंडायचा. तो येतोय हे गावाला वासावरूनच कळायचे.

एकदा शेजारगावच्या तळ्यात माशांवर रोग आला. अंगावर तांबडे चट्टे उठून मासे पटापट मरू लागले. माशांतला जाणकार म्हणून लोकांनी या मासेमाराला बोलावले. त्याने जाळे टाकले, चार मासे उलटसुलट करून पाहिले आणि तो म्हणाला, "पुढच्या गावांना सावध करायला हवं!"

पुढच्या गावात त्याने तेच जाळे टाकले. मासे ठणठणीत निघाले. तरी तो म्हणाला, "आठ दिवसांत इथे रोग येणार बघा." आणि बरोबर आठव्या दिवशी रोग आला! तिसऱ्या गावातही तसेच घडले. लोकांनी थक्क होऊन त्याला फेटा बांधला. मासेमाराची छाती इतकी फुगली की सदऱ्याची बटणे तुटायला आली.

फेटा मिरवत तो घरी आला. परसात त्याचे स्वतःचे तळे होते आणि त्यात दोन वर्षे पोटच्या पोरांसारखे जपलेले रोहू. "आपलेही मासे बघून घेतो," म्हणत त्याने जाळे उचलले. तोच बायको आडवी आली.

"थांबा. आधी आपल्या तळ्याचं भाकीत सांगा."

मासेमार ऐटीत म्हणाला, "आठ दिवसांत इथे..." आणि मध्येच अडखळला.

"अडलं कुठे? रोगाच्या तळ्यात भिजलेलं हे जाळं पुढे जिथे टाकलंत, तिथेच रोग आला ना?"

"म्हणजे... मीच?"

"मग काय मी?"

गप्प राहिला असता तर फेटा डोक्यावर राहिला असता. पण मेलेले मासे त्याच्या डोळ्यांपुढे आले आणि त्याला रडू कोसळले. त्याने जाळे खळखळून धुतले, कडक उन्हात टाकले आणि तो रिकाम्या हातांनी त्या दोन्ही गावांत गेला. "रोग मीच आणला. मेलेले मासे ओढ्यात फेकू नका, चुना टाकून पुरा. ओलं जाळं दुसऱ्या तळ्यात घालू नका." लोकांनी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या आणि फेटाही काढून घेतला.

चौथ्या गावात तो काठावरच थांबला. "तुमच्याकडे रोग येणार नाही," एवढेच बोलून परतला. रोग आला नाही. त्याबद्दल त्याला कोणी सुपारीसुद्धा दिली नाही, पण त्या रात्री तो गाढ झोपला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या दारी संकट शोधायला निघण्याआधी, ते आपणच तर घेऊन चाललो नाही ना, एवढे पाहावे.