कासाराच्या चपलेची टाच

घाटाच्या माथ्यावर एक गाव होते आणि त्या गावात एक कासार राहत होता. बांगड्यांची लाकडी पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून तो खालच्या गावांतून फिरायचा. माणूस भला होता. इतक्या अलगद बांगड्या भरायचा की एकही पिचत नसे.

सायकलवर त्याचा भारी जीव. रोज सकाळी फडक्याने पुसून ती लख्ख करायचा. दसऱ्याला तिला आंघोळ घालायचा, हळदकुंकू लावायचा, झेंडूची जाड माळ हँडलला घालून तिच्या पाया पडायचा. ब्रेकची रबरे तेवढी पार झिजून गेली होती, ती काही त्याने बदलली नाहीत. त्याला गरजच वाटली नाही. उतार आला की तो डावा पाय खाली सोडायचा, चपलेची टाच रस्त्यावर घासायचा आणि हवी तिथे सायकल उभी करायचा.

बायको म्हणायची, "अहो, किती चपला झिजवाल! ब्रेकची रबरं टाकून घ्या ना एकदा."

"अगं, माझी सायकल मला कळते," कासार हसायचा. "माझ्याशिवाय कोण बसतंय तिच्यावर?"

असे करता करता टाच घासणे त्याच्या इतके अंगवळणी पडले की आपल्या सायकलला ब्रेक लागत नाहीत, हेच तो विसरून गेला. मला विचाराल तर घात इथेच झाला.

एकदा कासार तापाने फणफणला. नेमके त्याच दिवशी नदीपलीकडच्या गावात लग्न होते. नवरीचा हिरवा चुडा भरायचा होता, आणि चुड्याशिवाय ती बोहल्यावर कशी चढणार? कासाराची बायको वैद्याकडे औषध आणायला गेलेली. घरात एकुलती एक लेक, तुळसा.

ती म्हणाली, "बाबा, मी जाते. बांगड्या भरायला तुम्हीच शिकवलंय ना मला? आणि सायकल मी मैत्रिणीच्या सायकलवर शिकलेय."

कासाराला लेकीचे कौतुक वाटले. तुळसाने पेटी आवळून बांधली आणि दारातून विचारले, "सायकल ठीक आहे ना, बाबा? घाट उतरायचाय."

"एकदम झकास. जा बिनधास्त," कासार पांघरुणातून म्हणाला.

तो खोटे बोलला नाही. त्याच्या लेखी सायकल खरोखरच झकास होती.

थोड्या वेळाने बायको औषध घेऊन परतली. "तुळसा कुठंय?"

"चुडा भरायला गेली. सायकल घेऊन."

बायको जागच्या जागी थिजली. "अहो, ती पायानं थांबवावी लागते, हे सांगितलंत का तिला?"

कासार ताडकन उठला. अंगात ताप होता, पायात काही नव्हते, तसाच तो घाटातून धावत सुटला. धावताना लेकीच्या नावाने हाका मारत होता.

शेवटच्या वळणापासून रस्त्यावर हिरव्या काचा पडलेल्या होत्या. त्या थेट नदीवरच्या पुलापर्यंत गेल्या होत्या. पुलाला कठडा नव्हता. खाली खडकांत लोक जमले होते. कासार रक्ताळलेल्या पायांनी खाली उतरला, तेव्हा त्यांनी तुळसाला पाण्याबाहेर काढून ठेवले होते. तिच्यात प्राण नव्हता. कासाराने तिचे हात हातात घेतले. दोन्ही तळव्यांवर लाल वळ उठले होते. पोरीने शेवटपर्यंत ब्रेक दाबून धरले होते.

तिचे दिवस झाल्यावर कासाराने सायकल अंगणात घेतली आणि ब्रेकला नवी रबरे बसवली. एवढेसे काम. चुलीवरचा चहा उकळेपर्यंत संपले. त्याने चाक जोरात फिरवले आणि ब्रेक दाबला. चाक जागीच थांबले. तो तिथेच खाली बसला आणि हमसून हमसून रडला. आतून बायकोने ते ऐकले, पण ती बाहेर आली नाही.

त्यानंतर त्या सायकलवर कुणी बसले नाही. कासार पायी फिरू लागला. दसऱ्याला गावात सायकली धुतल्या जात, माळा निघत, तेव्हा तो दारोदार जायचा आणि म्हणायचा, "माळ नंतर घाल. आधी ब्रेक दाबून दाखव." त्याला कुणी हसत नसे.

तात्पर्य एवढेच: वस्तूतली खोट आपल्या अंगवळणी पडली म्हणजे ती दुरुस्त झाली असे नव्हे. ज्याला ती खोट ठाऊक नाही अशा आपल्याच माणसाच्या हाती ती वस्तू एक दिवस जाते.