थंड पॅड

जुन्या डिस्कचं कोणी खरं मानलं नाही, याचा मला आजही संताप येतो.

फार मागे, घाटमाथ्यावरच्या एका गॅरेजात यशोधनने आपली वेगवान लाल गाडी आणली. ब्रेकच्या जुन्या डिस्क निघाल्या, भोकं पाडलेल्या चकचकीत डिस्क बसल्या आणि त्यांना दाबून धरायला शर्यतीचे पॅड. काढलेली एक डिस्क मिस्त्रींनी दाराशी तारेला टांगली.

"काय रे," तिनं नव्या पॅडला विचारलं, "थंड असताना धरतोस का?"

"आजी, मी शर्यतीचा. आधी तापतो, मग धरतो."

"पहिलं वळण दोनशे पावलांवर आहे. तोवर तापशील कधी?"

"गंजलीस तू, म्हणून जळतेस!" पॅड हसला.

मिस्त्रीही पुटपुटले, "यशोधनराव, या रस्त्याला साधेच पॅड बरे."

"मिस्त्री, असल्या गाडीला म्हातारीचे ब्रेक लावू?"

मिस्त्रींनी शेवटचा बोल्ट आवळला.

पौषातली सकाळ, दाट धुकं. गाडी उताराला लागली आणि दिसेनाशी झाली. इंजिनाचा आवाज लांब जात राहिला, मग मध्येच नाहीसा झाला. वारा नव्हता, कोणी हात लावला नव्हता, तरी तारेवरची डिस्क एकदाच टण्णकन वाजली.

पहिल्याच वळणावर गाडी दरीत कोसळली होती, यशोधन गेला होता आणि पॅड अजून थंडगार होते. त्यांना हात लावून कोणी पाहिलं नाही.

"कोणामुळे झालं हो?" लोकांनी विचारलं.

ज्यांनी पॅड बसवले ते मिस्त्री खाली मान घालून म्हणाले, "हिनं वाजून मरण बोलावलं त्याचं. ही जुनी डिस्क."