मोरसाहेबांची तपासणी

फार पूर्वी रानातल्या बांधकामांवर मोरसाहेब देखरेख ठेवत. झाडावर जाऊन बघायचा त्यांना कंटाळा होता. म्हणून कावळीण रोज घरटं मोडून खाली आणायची, त्यांच्यापुढे पुन्हा रचून दाखवायची आणि संध्याकाळी वर न्यायची.

"काम पुढे का सरकत नाही?" साहेबांनी विचारलं.

"तपासणीतच दिवस जातो, साहेब. अंडं आता कधीही येईल."

"मग तपासणी दोनदा करू."

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोरच अंडं आलं.

"आता घरटं हलवलं तर अंडं फुटेल," कावळीण म्हणाली. "साहेब, तुम्ही जरा यावर बसा. मी खाऊन येते."

साहेब पिसारा आवरून बसले. कुणी विचारलं की मान ताठ करून सांगत, "तपासणी चालू आहे."

पिल्लू बाहेर येईपर्यंत ती चालूच होती.